भेदभाव मोजायचा कसा? एका साध्या प्रयोगाची गोष्ट

"आम्ही जात-धर्म बघत नाही, फक्त गुणवत्ता बघतो." खासगी कंपनीत भरती करणाऱ्या कुणालाही विचारा, बहुतेक वेळा हेच उत्तर येईल. आणि पन्नास अर्ज करून एकही कॉल न आलेल्या पदवीधराला विचारलं, तर तो म्हणेल, "माझंच काहीतरी कमी पडत असेल." दोघंही मनापासून बोलत असतील. मग संशोधक म्हणून खरं काय ते कसं शोधायचं?

पहिला विचार येतो तो आकडेवारीचा. चांगल्या खासगी नोकऱ्यांमध्ये दलित आणि मुस्लिम किती, ते मोजू. पण कमी दिसले म्हणजे कंपनीने भेदभाव केला, असं सिद्ध होत नाही. कॉलेज वेगळं असेल, इंग्रजी कच्चं असेल, ओळखी नसतील. यातल्या काही गोष्टी स्वतःच जुन्या भेदभावातून आलेल्या असतात, हे खरंय. पण भरतीच्या टेबलावर नेमकं काय घडतं, हा आपला प्रश्न तसाच राहतो. विज्ञान शाखेच्या भाषेत सांगायचं तर इथे कंट्रोलच नाही. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो. माणसाच्या बाबतीत जात तेवढी बदलून बाकी सगळं तेच कसं ठेवणार?

माणसाचं नाही बदलता येत, पण अर्जावरचं नाव बदलता येतं. याला करस्पॉन्डन्स स्टडी म्हणतात. जवळपास सारख्या पात्रतेचे काल्पनिक अर्ज तयार करायचे, वेगवेगळ्या समाजांची ओळख देणारी नावं त्यांना सोडत पद्धतीने द्यायची, खऱ्या जाहिरातींना पाठवायचे आणि बोलावणं कुणाला येतं ते मोजायचं.

अमेरिकेत मेरियन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बोस्टन आणि शिकागोमध्ये असे जवळपास ५,००० अर्ज पाठवले. निष्कर्ष २००४ साली छापून आले. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ९.६५ टक्के वेळा बोलावणं आलं, काळ्या वाटणाऱ्या नावांना ६.४५ टक्के वेळा. नुसत्या नावाचा हा फायदा जवळपास आठ वर्षांच्या जास्तीच्या अनुभवाइतका होता. शिवाय बायोडाटा अधिक चांगला केल्यावर गोऱ्या नावांची बोलावणी जितकी वाढली, तितकी काळ्या नावांची वाढली नाहीत. "आधी स्वतःची पात्रता वाढवा" हा सल्ला किती अपुरा आहे, ते इथे दिसतं.

भारतात हे काम सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी केलं. थोरात म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज गेले. नावं उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम अशी. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मध्ये निष्कर्ष आले: उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याचे ऑड्स ०.६७ पट आणि मुस्लिम नावाचे ०.३३ पट.

इथे एक मिनिट थांबा, कारण बरेच जण हा आकडा चुकीचा वाचतात. ऑड्स म्हणजे टक्केवारी नव्हे. ऑड्स म्हणजे बोलावलेले भागिले न बोलावलेले. समजा, उच्चवर्णीय नावाच्या १०० अर्जांपैकी १० ना बोलावणं आलं (हा आकडा फक्त समजण्यासाठी घेतलाय). त्यांचे ऑड्स १०/९०, म्हणजे ०.१११. त्याचे ०.६७ पट केले की ०.०७४, म्हणजे १०० मध्ये साधारण ७. ०.३३ पट केले की १०० मध्ये साधारण ३.५. बोलावण्याचं प्रमाण इतकं कमी असतं तेव्हा दोन्ही वाचनांत फारसा फरक पडत नाही. प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास असतं तेव्हा मात्र मोठी गफलत होते.

आता दुसरी बाजू. अभिजित बॅनर्जी, बर्ट्रांड, सौगतो दत्ता आणि मुल्लैनाथन यांनी दिल्ली परिसरात ३७१ जागांसाठी ३,१६० अर्ज पाठवले. त्यांचा निबंध २००९ चा. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत त्यांना जातीनुसार फरक सापडला नाही. कॉल सेंटरमध्ये मात्र उच्चवर्णीय आणि ओबीसी नावांत ठळक फरक दिसला. मुस्लिम नावांबाबत फरक आढळला नाही.

मग कोण बरोबर? परीक्षेत असा प्रश्न आला तर एक बाजू निवडायची घाई करू नका. जाहिराती कुठल्या, शहर कुठलं, काम कुठलं, हे आधी बघा. सॉफ्टवेअरमध्ये कौशल्य थेट तपासता येतं. कॉल सेंटरमध्ये बोलणं-वागणं महत्त्वाचं, आणि तिथे नावावरून अंदाज बांधायला जागा जास्त. 'भारतात भेदभाव आहे की नाही' यापेक्षा 'कुठे, कुणाबाबत आणि कुठल्या टप्प्यावर' हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

पद्धतीच्या मर्यादाही लक्षात ठेवा. बोलावणं म्हणजे नोकरी नव्हे. ओळखीतून भरली जाणारी जागा जाहिरातीत येतच नाही. आणि नाव हे औषधासारखं आहे, त्याचा डोस ठरवावा लागतो. हाच प्रयोग पुण्यात करायचा म्हटलं, तर जाधव, गायकवाड, मोरे ही आडनावं एकाहून अधिक जातींत आहेत. ती वापरली तर खरा फरक पातळ होऊन दिसेल. म्हणून नाव वाचून लोक कुठली जात समजतात, हे आधी तपासून घ्यावं लागतं. खोटे अर्ज पाठवून कंपन्यांचा वेळ घ्यायचा, तर नैतिकता समितीची परवानगी लागते, ती वेगळीच.

आकडा 'किती' ते सांगतो, 'कसं' ते सांगत नाही. त्यासाठी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी एचआर अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. सगळे गुणवत्तेची भाषा बोलत होते, आणि तरीही उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' महत्त्वाची मानत होते. वर ज्या वाक्याने सुरुवात केली, त्याचा अर्थ इथे उलगडतो.

मग उपाय काय? 'आम्ही समान संधी देतो' असं जाहिरातीत छापणं पुरेसं नाही. अमेरिकेच्या त्याच प्रयोगात असं छापणाऱ्या कंपन्यांनीही इतरांइतकाच भेदभाव केला होता. नाव झाकून अर्ज मागवायचे? फ्रान्समध्ये हे करून पाहिलं. सहभागी कंपन्यांमध्ये अल्पसंख्याक उमेदवारांना बोलावण्याचं प्रमाण उलट घटलं. स्वेच्छेने सहभागी झालेल्या या कंपन्या बहुधा आधीपासून संवेदनशील होत्या. नाव दिसत असताना त्या बायोडाटातली एखादी उणीव परिस्थिती बघून समजून घेत, नाव झाकल्यावर ते थांबलं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणजे चांगल्या हेतूचा उपायसुद्धा तपासूनच स्वीकारावा लागतो.

आपल्याकडे संविधानाचं कलम १६ समान संधीची हमी देतं, पण ती सरकारी नोकऱ्यांपुरती. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली होती. या प्रयोगांच्या उजेडात तिचं महत्त्व कळतं. एकट्या उमेदवाराकडे फक्त त्याचा एक न आलेला कॉल असतो. दुसऱ्या नावाने तोच अर्ज गेला असता तर काय झालं असतं, हे त्याला कधीच कळणार नाही. भेदभाव शेकडो अर्ज शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसतो. म्हणून तो सिद्ध करायची जबाबदारी नाकारलेल्या माणसावर टाकून चालत नाही; शेकडो अर्ज तपासू शकेल अशी यंत्रणाच लागते.

तुमचा संशोधन प्रस्ताव भेदभावावर असेल, तर पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: मी कुठला टप्पा मोजतोय, बदलतोय ती एकच गोष्ट कुठली, आणि ती समोरच्याला तशीच कळते का. मार्गदर्शक पहिला प्रश्न बहुधा यातलाच विचारतील.