चेहऱ्यावरची टिकली हलली की...

तामिळनाडूतल्या कुंभकोणमजवळचे स्वामीमलई हे गाव धातूच्या देवमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तिथले स्थपती मूर्तीच्या उंचीइतकी नारळाच्या झावळीची पट्टी घेतात, घड्या घालून तिचे समान भाग पाडतात आणि त्या मापाने कपाळ, नाक, ओठ, हनुवटी यांच्या जागा ठरवतात. जागा चुकली की चेहरा बिघडलाच!

संगणकावर चेहरा घडवणाऱ्यांचेही तसेच आहे. ‘मोशन कॅप्चर’ तंत्रात नटाच्या चेहऱ्यावर बारीक टिकल्या चिकटवतात. कॅमेरे त्यांची हालचाल टिपतात आणि संगणक ती पडद्यावरच्या पात्राला देतो. बंगलोरच्या मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, म्हणजेच रजनीकांत, यांचा अभिनय असाच टिपून ‘कोचडैयान’ (२०१४) हा चित्रपट तयार झाला. दिग्दर्शन त्यांची कन्या सौंदर्या हिचे.

पण नटाने जीव ओतावा आणि टिकलीने दगा द्यावा, असे होते. प्रसंग पुन्हा घेता येतो. पहिल्या वेळचे हसू पुन्हा येईलच असे नाही.

पहिला शत्रू घाम. त्वचा तेलकट असली की टिकली सरकते. म्हणून आधी चेहरा स्वच्छ पुसून कोरडा करतात. सुटलेली टिकली अंदाजाने लावून चालत नाही. त्यासाठी नटाच्या चेहऱ्याचा भोके पाडलेला मुखवटा ठेवतात; भोकातून खूण केली की जागा नेमकी सापडते.

दुसरी अडचण झाकले जाण्याची. नट गालावर हात ठेवतो, मान वळवतो, टिकली दिसेनाशी होते. एका टिकलीची खोली समजायला ती किमान दोन कॅमेऱ्यांना दिसावी लागते. ओठ मिटले की वरची आणि खालची टिकली इतक्या जवळ येतात की संगणक त्यांची अदलाबदल करतो आणि पात्राचे तोंड भलतेच वेडेवाकडे होते! उपाय म्हणजे कॅमेरे वाढवणे आणि टिकल्या अगदी सारख्या अंतरावर न लावणे. क्षणभराची उणीव शेजारच्या टिकल्यांवरून भरून काढता येते; मोठी असेल तर माणसाने बसून एकेक चित्र दुरुस्त करायचे.

तिसरी गोष्ट डोक्याची. मान हलली की सगळ्याच टिकल्या हलतात. म्हणून कपाळाच्या वरच्या कडेला किंवा डोक्याच्या पट्टीवर काही टिकल्या फक्त डोक्याची हालचाल कळण्यासाठी असतात. ती वजा केली की उरतो तो भाव. पट्टी सैल झाली तर सगळा चेहराच थरथरल्यासारखा दिसतो.

आणि नाकातली चमकी? चकाकत्या टिकल्या वापरत असतील तर संगणक तिलाही टिकली समजतो! दागिने, चष्मा आधीच उतरवलेले बरे.

एवढे करूनही बुबुळांवर टिकली लावता येत नाही. ‘द पोलर एक्स्प्रेस’ (२००४) मधल्या पात्रांचे डोळे निर्जीव वाटतात, अशी टीका झाली होती. आता टिकल्यांवाचूनही चेहरा टिपता येतो, पण डोळ्यांकडे बारकाईने पाहावेच लागते. स्वामीमलईचे स्थपतीही मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी उघडतात.