सिमेंटचा कारखाना आणि शेजारचें शेत

विहिरीचें बांधकाम, गोठ्याची फरसबंदी, पाटाची मोरी, यांपैकीं कोणतेंहि काम आतां सिमेंटावांचून होत नाहीं. परंतु हा पदार्थ कसा तयार होतो व तो होतांना आसपासच्या शेतांस काय सोसावें लागतें, याचा विचार आपण क्वचितच करतों. तो थोडक्यांत येथें मांडण्याचें योजिलें आहे.

सिमेंटचा मुख्य कच्चा माल चुनखडीचा दगड होय. तो दळून मातीशीं मिसळतात व फिरत्या भट्टींत सुमारें १४५० अंश सेंटिग्रेडपर्यंत भाजतात. भाजून निघालेल्या खड्यांस क्लिंकर म्हणतात. त्यांत थोडें जिप्सम घालून दळलें म्हणजे सिमेंट झालें. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर चुना ५६ किलो उरतो. बाकीचे ४४ किलो कर्बवायु होऊन हवेंत जातात. हा वायु कोळशाच्या धुराहून वेगळा आहे, दगडांतूनच निघणारा आहे. म्हणून जळण बदललें तरी तो टळत नाहीं. पृथ्वीचें हवामान तापविणारा जो कर्बवायु मनुष्याच्या उद्योगांतून निघतो, त्यांतील शेंकडा सात ते आठ हिस्सा एकट्या सिमेंटचा आहे.

आपल्या मुळशी तालुक्यांत खडक काळ्या पाषाणाचा, त्यामुळें चुनखडीच्या खाणी नाहींत. महाराष्ट्रांत त्या मुख्यतः चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत आहेत. चंद्रपुरांतील गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घुस हीं सिमेंटचीं ठिकाणें कापसाच्या मुलखांतच वसलीं आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २००९ सालीं चंद्रपुरास अतिप्रदूषित क्षेत्रांत गणलें. त्याचा दोष केवळ सिमेंटकडे नाहीं. कोळशाच्या खाणी व वीजकेंद्रेंहि त्यांत भागीदार आहेत.

सुरुंग, दगड फोडणें, वाहतूक व धुराडें या चारी वाटांनीं धूळ उडते. ती पानावर बसून दंव पडलें कीं तिचें कवच बनतें. सूर्यप्रकाश अडतो, पानाचीं श्वासरंध्रें बुजतात, आणि फुलोऱ्यावर धूळ बसल्यास फलधारणेंत विघ्न येतें. कोणी म्हणेल, कोंकणच्या आम्ल जमिनीस चुना मानवतो, मग ही धूळ खतच नव्हे काय? परंतु खत आपण मापून मातीला देतों. धूळ पानावर पडते आणि तिला माप नसतें. शिवाय काळी जमीन मुळांतच चुनखडीयुक्त. तींत चुना आणखी वाढला कीं लोह, जस्त व स्फुरद पिकास मिळेनासे होतात. खाण भूजलाच्या पातळीखालीं गेली व तींतील पाणी उपसूं लागले कीं शेजारच्या विहिरींचें पाणी खोल जातें.

धुराड्याची बहुतेक धूळ पकडणारीं गाळणयंत्रें आज उपलब्ध आहेत. मात्र तीं अहोरात्र चालूं असलीं तरच उपयोग.

मुळशीकरांस याचें काय, असें मात्र कोणी म्हणूं नये. काँक्रीटमध्यें सिमेंट थोडें व खडी-वाळू फार. हिंजवडी-माण भागांत इमारती उठल्या, त्यांस लागणारी खडी डोंगर फोडूनच मिळते. खडीयंत्राची धूळ चुन्याची नसली तरी पान झांकण्याचें काम तीहि करते. आणि आंबेमोहोर निसवतो त्या सुमारास पाऊस ओसरूं लागलेला असल्यानें ती धुवून जात नाहीं. खाणीला दिलेल्या जमिनीचें भाडें कांहीं वर्षें मिळतें, खड्डा कायमचा राहतो. जमीन गेली म्हणजे काय होतें, हें १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं धरणाविरुद्ध सत्याग्रह करणाऱ्या या तालुक्यास शिकवावयास नको.

आतां उपाय. सिमेंटचा कारखाना किंवा मोठी खाण यांस परवानगी देण्यापूर्वीं, २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणें, सर्वसाधारणपणें जनसुनावणी घ्यावी लागते व तिची किमान तीस दिवस आधीं सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेंत मिळतो. तो मागून घ्यावा व हरकत लेखीच द्यावी. हरकतींत गट नंबर, पीक व विहिरीच्या पाण्याची खोली लिहावी. ही खोली खाण सुरूं होण्याआधींच दर महिन्यास मोजून ठेवावी, आणि पीकपाहणींत पिकाची नोंद बिनचूक झाली कीं नाहीं तें पाहावें. जें नुकसान कागदावर नाहीं, तें कचेरींत नुकसान ठरत नाहीं.

दुसरा उपाय आपल्या घरचा. प्लास्टर, चिरेबंदी व विटांचें बांधकाम यांस राखमिश्रित पोर्टलंड पोझोलाना सिमेंट पुरेसें होतें. त्यांत वीजकेंद्राची राख शेंकडा १५ ते ३५ असते. तेवढें क्लिंकर वांचतें व राखेचीहि सोय लागते. मात्र अशा कामावर निदान दहा दिवस पाणी मारीत राहावें. घाईनें सुकविलेलें बांधकाम तडकतें, दुसऱ्यांदा करावें लागतें, आणि कोठें तरी दुसऱ्याच्या शेताशेजारीं आणखी चुनखडी भाजली जाते.