सामान्य माणसाला कायद्याची तोंडओळख का हवी?



"कायदा म्हणजे वकिलांचं काम, आपल्याला काय करायचंय?" असं बरेच जण म्हणतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हणही आपल्या तोंडी असतेच. पण ती पायरी चढायची वेळ येऊ नये म्हणूनच थोडाफार कायदा माहीत असावा लागतो. आपल्या शाळेतलंच उदाहरण घेऊ.

दिवाळीच्या सुमारास बीडकडची ऊसतोड कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. मुलं सोबत असतात. आई-वडील मुलाला जवळच्या शाळेत घेऊन गेले, की काही ठिकाणी ऐकावं लागतं, "आधी जुन्या शाळेचा दाखला आणा, मग नाव घालू." आता मुकादमाची उचल घेतलेला माणूस कामाचा खाडा करून एवढ्या लांब गावी जाणार कसा? दाखला येत नाही. मूल फडात धाकट्या भावंडाला सांभाळत बसतं आणि हंगाम संपेपर्यंत वाचायचं विसरून जातं.

खरं तर कायद्याने हे केव्हाच सोडवलेलं आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्यातलं कलम ५ सांगतं की, मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल तर जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे, दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. उलट दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकांवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे कलम १४ मध्ये आहे. कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही वयानुसार वर्गात बसवायचं, असं कलम ४ म्हणतं.

म्हणजे हक्क होता, फक्त तो त्या बापाला माहीत नव्हता. कधी कधी टेबलापलीकडच्या माणसालाही नसतो! तो मुद्दाम अडवतोच असं नाही. 'उद्या तपासणीत विचारलं तर?' ही भीती असते. म्हणून हे शिक्षकांनीही वाचायला हवं. दाखल्याशिवाय नाव घालणं हा गुन्हा नाही, ते आपलं कर्तव्य आहे.

तरीही कुणी अडवलंच तर? भांडू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी विनंतीचा पुरावा राहत नाही. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. तिथे समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

इतर कामांतही असंच आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महिला आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जायचं किंवा १५१०० वर फोन करायचा. किती आयांना हे ठाऊक आहे?

एक मात्र सांभाळा. व्हॉट्सअॅपवर 'नवीन कायदा आला' म्हणून जे फिरतं, त्यातलं पुष्कळ खोटं असतं. कायद्याचं नाव, वर्ष आणि कलम दिलं नसेल तर पुढे पाठवू नका. मूळ कायदे 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. शिक्षण हक्काचा कायदा तर चाळीसपेक्षा कमी कलमांचा आहे.

पुढच्या पालकसभेत कलम ५ आणि १४ मोठ्याने वाचून दाखवा. पाच मिनिटं पुरतात. ऊसतोडीला जाणारे पालक असतील तर ही सभा दिवाळीच्या आधी घ्या, कारण नंतर ते गावात नसतील.