नायट्रोजनचे तीन हात

कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकतो तेव्हा नाकाला झोंबणारी वाफ उठते. शिळ्या होत चाललेल्या बांगड्यालाही उग्र वास येतो. या दोन वासांचे नाते फार जवळचे आहे. नवसागराच्या वाफेत अमोनिया असतो, म्हणजे नायट्रोजनचा एक अणू आणि त्याने धरलेले हायड्रोजनचे तीन. या तिघांपैकी एकाच्या, दोघांच्या किंवा तिघांच्याही जागी मेथिल, एथिल असे कार्बनचे गट आले, की अमाइन तयार होते. बांगड्याच्या वासामागे आहे ट्रायमेथिल अमाइन. त्यात तिन्ही जागा मेथिलने घेतलेल्या असतात.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्युर्त्स याने 1849 मध्ये मेथिल आणि एथिल अमाइन शोधली. त्यांचा वास अमोनियासारखाच होता, पण अमोनिया हवेत सहसा पेटत नाही आणि ही पेटत. पाठोपाठ लंडनमध्ये हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियातले हायड्रोजन एकेक करून बदलता येतात हे दाखवले. आजचे वर्गीकरण त्याच पायावर उभे आहे. नायट्रोजनला कार्बनचा एक गट जोडलेला असेल तर अमाइन प्राथमिक, दोन असतील तर द्वितीयक, तीन असतील तर तृतीयक. चौथाही गट जोडला गेला तर नायट्रोजनवर धनभार येतो आणि चतुर्थक अमोनियम लवण मिळते.

विद्यार्थी फसतात ते इथेच. अल्कोहोलचा वर्ग ठरवताना ओएच गट ज्या कार्बनवर आहे त्याचे शेजारी मोजतात, अमाइनमध्ये मात्र खुद्द नायट्रोजनचे. म्हणून टर्शरी-ब्युटिल अल्कोहोल तृतीयक, पण टर्शरी-ब्युटिल अमाइन चक्क प्राथमिक!

हा भेद कागदापुरता नाही. प्रोपिल अमाइन, एथिल मेथिल अमाइन आणि ट्रायमेथिल अमाइन या तिघांतही कार्बनचे 3, हायड्रोजनचे 9 आणि नायट्रोजनचा 1 अणू असतो. तरी पहिले सुमारे 48 अंश सेल्सिअसला उकळते, दुसरे 36 च्या आसपास आणि तिसरे अवघ्या 3 अंशांना. नायट्रोजनवर हायड्रोजन शिल्लक असेल तर रेणू त्याच्या आधारे एकमेकांना धरून ठेवतात. तृतीयक अमाइनजवळ तो उरलेलाच नसतो, म्हणून त्याचे रेणू झटकन उडून जातात. मात्र आम्लातला प्रोटॉन उचलून घेण्याचा गुण तिन्ही वर्गांत आहे. माशाला चिंच, कोकम किंवा लिंबू लावले की ट्रायमेथिल अमाइनचे लवण होते. लवण उडत नाही, म्हणून वास मरतो.

नावे ठेवतानाही नायट्रोजनचा मान राखला जातो. आंतरराष्ट्रीय पद्धतीत मेथिल अमाइन म्हणजे मिथेनामाइन. गट कार्बनच्या साखळीवर असेल तर त्याची जागा आकड्याने सांगतात, नायट्रोजनवर असेल तर 'एन' या अक्षराने. त्यामुळे ट्रायमेथिल अमाइन होते एन, एन-डायमेथिलमिथेनामाइन.

अशी शिस्त येण्यापूर्वी एकाच पदार्थाला किती नावे पडत, हे अॅनिलीन या अमाइनकडे पाहून कळते. उनफरडॉर्बेनने 1826 मध्ये नीळ तापवून ते मिळवले, रुंगेने 1834 मध्ये कोळशाच्या डांबरातून, फ्रित्शेने पुन्हा निळीतून आणि झिनिनने 1842 मध्ये नायट्रोबेंझिनपासून. चौघांनी चार नावे दिली. हे चारही पदार्थ एकच आहेत, असे हॉफमनने 1843 मध्ये सिद्ध केले. टिकले ते फ्रित्शेचे नाव. ते आले पोर्तुगीज 'अनिल'वरून, 'अनिल' आला अरबी 'अन्-नील'वरून आणि त्याच्या मुळाशी आहे आपला संस्कृत 'नील'. पुढे याच अॅनिलीनपासून कारखान्यात नीळ तयार होऊ लागली. निळीच्या पोटी जन्मलेल्या लेकीने शेवटी आईलाच जन्म दिला.