रुक्मिणीची नवी सखी

गेल्या दिवाळींत गुरुकुंज मोझरीस बहिणीच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. माजघरांत फराळाची गडबड चालली असतां थोरली भाची मात्र ओसरीवर बसून पाटीएवढ्या एका यंत्राच्या कांचेवर लेखणी फिरवीत होती. डोकावून पाहिलें तों समोर रुक्मिणी उभी! पण ही रुक्मिणी छापील चित्रांतली नव्हे. अंगावर शालूऐवजीं वऱ्हाडी कापसाचें जाडें लुगडें, पायांस काळ्या मातीचा चिखल, आणि शेजारीं दिवा धरलेली एक सांवळी मुलगी.

"ही कोण ग?" मीं विचारलें.

"ही माझी, मामा. भागवतांत नाहीं. रुक्मिणीनें पत्र लिहिलें तेव्हां दिवा कोणीतरी धरलाच असेल ना?"

मला कौतुक वाटलें. घरांत मात्र मतभेद होता. मेव्हण्यांस हा वेळेचा अपव्यय वाटे, आणि आजींस देवादिकांच्या रूपाशीं चाललेला खेळ. त्यांत आठवड्यापूर्वीं आणखी एक प्रकार घडला होता. हेंच चित्र कोणा अनोळखी माणसानें उचललें, कोपऱ्यांतील तिचें नांव पुसलें आणि आपलें म्हणून जगापुढें मांडलें. मुलगी दोन दिवस जेवली नव्हती.

हा छंद तिच्या एकटीचा नाहीं. आवडत्या कथेंतील पात्रें नव्या वेषांत, नव्या काळांत रंगवावीं, किंवा त्या कथेच्या जगांत आपण कल्पिलेलें एखादें पात्र सोडावें, हा उद्योग आज जगभर चालतो. जपानांत तर १९७५ सालच्या डिसेंबरांत अशा हौशी मंडळींचा पहिला बाजार टोकियोस भरला. तेव्हां सुमारें सातशें माणसें आलीं होतीं, पुढें तीं लाखांनीं येऊं लागलीं. २००० सालीं 'डेव्हियंटआर्ट' नांवाचें संकेतस्थळ निघाल्यावर आंतरजालावर अशा चित्रांस मोठें अंगण मिळालें. स्वतःच्या पात्रास हीं मुलें 'ओसी' म्हणतात आणि जुन्या पात्राच्या नव्या रूपास 'रीडिझाइन'. शब्द परके आहेत. वस्तु मात्र आपल्या घरची आहे.

मोझरी ज्या तिवसा तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांत वर्धा नदीच्या तीरीं कौंडिण्यपूर आहे. परंपरा त्यास रुक्मिणीचें माहेर मानते. भागवताच्या दशम स्कंधांत रुक्मिणीची कथा अवघ्या तीन अध्यायांत आटोपते, आणि तिचा निरोप द्वारकेस नेणारा ब्राह्मण तेथें निनांवीच राहतो. मराठी कवींनीं त्यास 'सुदेव' हें नांव दिलें आणि तो चालताबोलता माणूस झाला. तेराव्या शतकांत अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगीं महदंबेनें धवळे गायिले, त्यांचाही विषय कृष्ण-रुक्मिणीचेंच लग्न. पुढें एकनाथांनीं १५७१ सालीं काशीस 'रुक्मिणीस्वयंवर' पुरें केलें. त्यांनीं तीन अध्यायांचे अठरा प्रसंग केले, आणि त्यांतील लग्नसोहळा आपल्या घरच्या मांडवांत झाल्यासारखा वाटतो. त्या काळीं कोणीं म्हटलें नाहीं कीं, मूळ कथेस हात कां लावलात?

संस्कृतांतही हेंच. ज्याचें कुळ विदर्भांतील पद्मपुरचें, त्या भवभूतीनें 'उत्तररामचरितां'त वासंती ही वनदेवता आणली. तमसा व मुरला या नद्यांस बोलतें केलें. आणि वाल्मीकीची सीता भूमींत गेली असतां आपल्या नाटकाच्या शेवटीं तिला रामाशीं भेटविलें. चित्रांविषयीं म्हणाल, तर लक्ष्मी-सरस्वतींचें जें रूप आपण अनादि समजतों, त्यांतील बरेंचसें राजा रविवर्म्याच्या कुंचल्यानें ठरविलेलें आहे. १८९४ सालीं मुंबईस निघून पुढें मळवलीस गेलेल्या त्याच्या छापखान्यानें तें घरोघरीं पोंचविलें. म्हणजे आजींच्या देवघरांतील तसबीरही एका काळीं 'नवें रूप'च होती!

तेव्हां रूप बदलणें हा दोष नव्हे. खरा प्रश्न नांवाचा आहे. 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिणाऱ्या नरेंद्र कवीची गोष्ट महानुभाव परंपरेंत सांगतात. रामदेवराव यादवानें त्यास सोन्याचीं नाणीं देऊं केलीं. अट एवढीच कीं ग्रंथावर राजाचें नांव असावें. कवीनें नकार दिला. तसें केल्यास सबंध कविकुळास बोल लागेल, असें त्याचें म्हणणें. कथा कृष्णाची, सर्वांची. पण तिची ही घडण ज्याची, नांव त्याचें. म्हणूनच आपल्या संतांनीं अभंगाच्या शेवटीं नाममुद्रा ठेविली. मोझरीस १९३५ सालीं आश्रम स्थापणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या भजनांत 'तुकड्यादास' ही मुद्रा येते, ती याच रीतीची.

आजचा कायदाही फारसें निराळें सांगत नाहीं. १९५७ च्या भारतीय कायद्याप्रमाणें चित्रकार व लेखक यांचा हक्क त्यांच्या हयातींत आणि मृत्यूनंतर साठ वर्षें टिकतो. रुक्मिणी कोणाच्याही मालकीची नाहीं. पण एखाद्या हयात चित्रकाराचें किंवा कंपनीचें पात्र घेऊन चित्रें विकावयाचीं, तर परवानगी हवी. खासगी अभ्यासासाठीं गिरविणें वेगळें, विक्री वेगळी.

हें सारें रात्रीं बोलणें निघालें, तेव्हां भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, एक सांगूं? त्या सखीच्या हाताची ठेवण मीं एका परदेशी बाईच्या चित्रावरून घेतली आहे. तिचें नांव मींही लिहिलेलें नाहीं." मेव्हणे हंसले नाहींत, रागावलेही नाहींत. "मग आधीं तें लिही," एवढेंच म्हणाले. तिनें तें त्याच रात्रीं लिहिलें. मग नांव पुसणाऱ्या गृहस्थास शिवीगाळ न करितां पत्र धाडलें. सोबत तारखेसह आपलीं कच्चीं रेखाटनें जोडलीं. त्याचें उत्तर मी निघेपर्यंत आलें नव्हतें.

घरांतील वडीलधाऱ्यांनीं अशा वेळीं मुलांच्या हातची लेखणी काढून घेऊं नये. तिच्याखालीं कोणाकोणाचीं नांवें यावयास हवींत, एवढें विचारावें.

निघण्याच्या दिवशीं आजींनीं तें चित्र चष्मा लावून न्याहाळलें. रुक्मिणीच्या लुगड्याविषयीं त्या कांहीं बोलल्या नाहींत. "एवढी समई हातांत धरून कोणी उभें राहतें का? पणती दे तिच्या हातांत, आणि वाऱ्याला दुसऱ्या हाताचा आडोसा." भाचीनें तिथेंच दिवा बदलला. आतां चित्राखालीं एक ओळ वाढली आहे: 'पणती आजीच्या सांगण्यावरून.'