कावडीचे पाणी आणि खारपाणाचे पाणी

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोला शहर पाहावे, म्हणजे वॉर्डाचे राजकारण पुस्तकातून शिकावे लागत नाही. आदल्या रात्री हजारो शिवभक्त अनवाणी गांधीग्रामला जातात. तेथे पूर्णेचे पाणी भरण्यांत भरून, कावडी खांद्यावर घेऊन सुमारे १८ किलोमीटर चालत येतात व राजेश्वराला अभिषेक करतात. १९४४ साली पाऊस रुसला तेव्हा काही तरुणांनी असे पाणी आणले, तीच ही परंपरा, असे जुने लोक सांगतात.

आज प्रत्येक मंडळाची कावड वेगळी. कावडीला भरणे किती, यावर त्या वस्तीचे वजन ठरते. भरणे वाढले की खांदे वाढवावे लागतात, खांदे वाढले की वर्गणी वाढवावी लागते. आणि ज्याच्या हाकेसरशी दोनशे खांदे जमतात, त्याच्या घरी निवडणुकीत कोण जाणार नाही? म्हणूनच वाटेवर स्वागताचे मांडव, साबुदाण्याची उसळ आणि फलक. फलकांवर राजेश्वर कोपऱ्यात, इच्छुक उमेदवार मध्यभागी! आमचे काही मित्र याला निव्वळ ढोंग म्हणतात. मला ते पटत नाही. पदवी नाही, नोकरी नाही, अशा पोराला शहर ओळखते ते याच एका दिवशी.

मात्र ज्या पूर्णेचे पाणी देवाला जाते, तिच्याच दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा पसरला आहे. माझे गाव त्यातच येते. विहिरीला पाणी आहे, पण त्यात डाळ शिजत नाही आणि मूतखड्याची तक्रार घरोघर. गोड पाणी यायचे ते धरणाच्या नळयोजनेतून, आणि तेथेही ओढाताण आहेच. वान धरणातून बाळापूरकडील ६९ खेड्यांना पाणी द्यायचे ठरले, तर तेल्हाऱ्याकडून विरोध झाला. पुढे २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर योजनेला स्थगिती मिळाली.

एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख हे खारे पाणी घेऊन अकोल्याहून नागपूरला पायी निघाले. उपमुख्यमंत्र्यांच्या दारी ते न्यायचे होते. पाणी वाहायचे, पायी चालायचे, गावोगाव स्वागत घ्यायचे. अकोलेकरांना ही रीत कोणी समजावून सांगावी लागली नाही. नागपूरच्या अलीकडे पोलिसांनी त्यांना अडवून ताब्यात घेतले. २०२४ साली बाळापूरने त्यांनाच पुन्हा निवडून दिले.