हिंजवडीचा रस्ता आणि बायकांचा पगार

पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कच्या वाहतूक कोंडीवर विनोद पुष्कळ झाले. भूमकर चौकात किती पेट्रोल जळतं, याचे हिशेबही अधूनमधून मांडले जातात. पण या कोंडीचा काही भार बायकांच्या पगारावर पडत असावा, अशी शंका घ्यायला जागा आहे. तिचा आधार मात्र फ्रान्समधला आहे.

तिथल्या सरकारी रोजगार कार्यालयात नाव नोंदवताना बेकारांना विचारतात: किमान किती पगार चालेल आणि घरापासून किती लांब जायची तयारी आहे? ल बार्बाँशों, रातलो आणि रुले या अर्थशास्त्रज्ञांनी ही उत्तरं नंतर मिळालेल्या नोकऱ्यांशी ताडून पाहिली. 2021 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: आधीची नोकरी वगैरे सगळं सारखं असलं, तरी बाईची नवी नोकरी पुरुषाच्या नोकरीपेक्षा घराच्या 12 टक्के जवळ असते आणि तिचा ताशी पगार 4 टक्के कमी. प्रवास टाळण्यासाठी बायका पुरुषांपेक्षा सुमारे 20 टक्के जास्त किंमत मोजायला तयार असतात. एरवी कारण न सापडणाऱ्या पगारातल्या दरीपैकी 14 टक्के वाटा एवढ्या एका गोष्टीचा.

हे आकडे पुण्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण प्रकार ओळखीचा आहे. समजा, कोथरूडला राहणारी एक टेस्टर आहे आणि मुलाचं पाळणाघर सातला बंद होतं. हिंजवडीच्या फेज थ्रीमधली ऑफर चांगली, बाणेरची थोडी कमी. ती बाणेरची घेते. दोन्ही कंपन्यांच्या एचआरचे तक्ते स्वच्छ: एका पदाला एकच पगार, बाई असो की पुरुष. मग दरी सापडणार कुठे?

‘तिनेच निवडलं ना!’ म्हणून विषय मिटवणं मला पटत नाही. गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा रस्ता सुरक्षित असावा म्हणून मुली चांगलं कॉलेज सोडून दुय्यम कॉलेज पत्करताना दिसल्या. रस्त्यावरच्या छेडछाडीची किंमत पहिल्या पगाराच्याही आधी वसूल होते, ती अशी.

रस्ता पार करून ऑफिसात पोचलं की घड्याळाचा हिशेब सुरू होतो. 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवलं, की अमेरिकेत आज दरी मुख्यतः सारख्याच पेशातल्या स्त्री-पुरुषांमध्ये आहे आणि पहिल्या मुलानंतर ती रुंदावते. कारण जो हाक मारल्यावर केव्हाही हजर, त्याला कामाच्या तासांच्या प्रमाणाबाहेर जास्त मोबदला मिळतो. न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात, तेव्हा हिवाळ्यात हिंजवडीत रात्रीचे साडेआठ झालेले असतात. त्या कॉलवर कोण बसतं आणि बढती कोणाला मिळते, हे कुठल्याही टीम लीडला विचारा. उलट अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांमध्ये ही दरी बरीच कमी आहे, कारण रुग्णाची नोंद संगणकावर असते आणि एकाच्या जागी दुसरा सहज उभा राहू शकतो.

उघड भेदभाव मात्र कमी झाला आहे. 1974 मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं आणि सुधा कुलकर्णींनी (पुढे मूर्ती) जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं, ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. आता असं सहसा कोणी छापत नाही; मनातल्या मनात सगळ्या बायकांची सरासरी काढून ती समोरच्या उमेदवाराला लावतात. शेली कॉरेल आणि सहकाऱ्यांनी 2007 साली एकाच तोलाच्या उमेदवारांचे काल्पनिक अर्ज लोकांपुढे ठेवले. अर्जात आई असल्याचा उल्लेख आला की देऊ केलेला पगार घटला. वडील असल्याचं लिहिल्याने पुरुषाचं काहीच बिघडलं नाही.

आपल्याकडे 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 12 वरून 26 आठवड्यांवर नेली, हे उत्तमच झालं. पण त्या रजेच्या पगाराचा बोजा एकट्या मालकावर टाकला. नुकतं लग्न झालेल्या मुलीचा अर्ज हातात घेताना तो काय हिशेब करेल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. हा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सरकारी तिजोरीतून व्हायला हवा होता, असं माझं मत.

आता पुन्हा रस्त्याकडे. हिंजवडीमार्गे जाणाऱ्या माण ते शिवाजीनगर या 23 किलोमीटरच्या मेट्रोची पायाभरणी डिसेंबर 2018 मध्ये झाली. संशोधकांच्या दृष्टीने हा आयता प्रयोग आहे: स्थानकाजवळ राहणाऱ्या आणि लांब राहणाऱ्या बायकांच्या नोकऱ्या आणि पगार मेट्रोच्या आधी किती, नंतर किती? त्यासाठी लागणारी माहिती, म्हणजे पिनकोड, पगार आणि रुजू झाल्याची तारीख, कंपन्यांच्या एचआर विभागांत आधीपासूनच आहे.